हार्मोनचं औषध चुकून जास्त गेलं तर : घरापासून वॉर्डापर्यंत काय करायचं

थायरॉइडची बाटली, इन्सुलिनचं पेन, शुगरच्या गोळ्या, दम्यासाठी लिहून दिलेलं स्टेरॉइड, माला-डीचं पाकीट. यातलं एकही औषध नाही असं घर आता शोधावं लागेल. ही सगळी हार्मोनची औषधं, किंवा शरीरातल्या हार्मोनचं काम वाढवणारी-कमी करणारी. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात यांच्या विषबाधेला एकच गट दिलाय, टी-३८. घरात प्रसंग आला की मात्र कळतं, की एका गटातली ही औषधं अगदी वेगवेगळी वागतात.

आमच्या सासूबाईंना इन्सुलिन आहे आणि थायरॉइडची गोळीही आहे. एकदा त्यांना इन्सुलिन जास्त गेलं. आणखी एकदा नणंदेच्या लहान लेकाने त्यांच्या थायरॉइडच्या गोळ्या खाल्ल्या. दोन्ही वेळा दवाखान्यात बसून, डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारून विचारून जे कळलं आणि नंतर नीट वाचून जे पक्कं केलं, ते इथे क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंतची आणि पोचल्यावर गोंधळून न जाण्याची ही माहिती आहे.

एक गोष्ट सगळ्यात आधी मनात पक्की करा. "आत्ता तर बरं वाटतंय" या वाक्यावर विसंबायचं नाही. यातल्या प्रत्येक औषधाचं घड्याळ वेगळं चालतं. इन्सुलिन अर्ध्या तासात माणूस आडवा करू शकतं, शुगरची गोळी रात्री उशिरा डाव साधते, थायरॉइडची गोळी दोन-चार दिवस काहीच दाखवत नाही, आणि स्टेरॉइडचा खरा धोका ते अचानक बंद केल्यावर असतो. म्हणून औषध कोणतं हे कळल्याशिवाय "थांबून बघू" म्हणायचं नाही.

१. आधी माणसाकडे बघा

नावाने हाक मारा. नीट ओ देतो का, बोलणं सरळ आहे का, श्वास व्यवस्थित चालू आहे का, हे बघायला काही सेकंद पुरतात.

शुद्ध हरपली असेल, झटके येत असतील किंवा माणूस असंबद्ध बरळत असेल तर पहिला फोन १०८ ला. तोवर त्याला एका कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखर नाही, गोळी नाही. झटके येताना दातांमध्ये चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात तर नुसता वेळ जातो.

लहान मूल शुद्धीत असेल तर त्याचं तोंड उघडून बघा. गोळीचे तुकडे दिसत असतील तर बोटाने अलगद बाहेर काढा. दिसत नसतील तर उगाच घशात बोट घालू नका.

घरात कुणालाही मधुमेह असेल आणि मशीन असेल, तर याच वेळी शुगर तपासा. ज्याला मधुमेह नाही अशा मुलाचीसुद्धा तपासा. त्याने नेमकं काय गिळलंय हे तुम्हाला अजून माहीत नाही.

२. काय, किती आणि कधी : याची उत्तरं गोळा करा

डॉक्टर पहिले हेच तीन प्रश्न विचारतात, आणि नातेवाइकांची ततपप होते ती इथेच.

काय घेतलं हे ठरवताना रंगावर आणि आकारावर जाऊ नका. "पांढरी बारीक गोळी" म्हणजे थायरॉइडची, शुगरची, बीपीची, काहीही असू शकते. रिकामी स्ट्रिप, बाटली, खोका, केराच्या डब्यातलं पाकीट, जे सापडेल ते उचला. शुगरच्या गोळ्यांच्या नावापुढे बरेचदा नुसती अक्षरं आणि आकडे असतात. त्यांवरून अंदाज बांधण्यापेक्षा मागची बारीक छपाई वाचा. तिथे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यातलं एखादं नाव असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी गाडी काढा. का, ते पुढे सांगते.

किती घेतलं हे मोजून काढता येतं. थायरॉइडच्या बाटलीत १०० किंवा १२० गोळ्या येतात, नेमक्या किती ते लेबलवर असतं. बाटली कधी फोडली हे आठवलं की रोज एक याप्रमाणे किती उरायला हव्यात ते कळतं. भाच्याच्या वेळी डॉक्टरांनी बाटली पांढऱ्या रुमालावर ओतून दोन-दोन करत मोजायला लावलं होतं, आणि सोफ्याखाली, चादरीच्या घडीत सांडलेल्या गोळ्या शोधायला घरी फोन करायला सांगितला होता. मोजदाद जमली नाही, तर जेवढ्या गायब आहेत तेवढ्या सगळ्या पोटात गेल्या असं धरा. दोन मुलं एकत्र खेळत असतील तर प्रत्येकाने सगळ्या खाल्ल्या असं धरून दोघांनाही घेऊन जा.

इथे एक सापळा आहे. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते. आपण "शंभरची गोळी" म्हणतो, आणि घाईत फोनवर "शंभर एमजी" सांगून बसतो. तो आकडा हजारपट होतो आणि ऐकणारा गोंधळतो. लेबलवर जसं छापलंय तसं वाचून दाखवा किंवा सरळ फोटो पाठवा.

वेळ सांगताना "मगाशी" म्हणू नका. मूल शेवटचं कधी नीट खेळताना दिसलं होतं आणि बाटली कधी हाताला लागली, त्या दोन वेळा सांगा.

३. फोन कुणाला करायचा

१०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात आणि गोव्यात मोफत मिळते. ११२ वरूनही मदत मिळते.

तिसरा नंबर फार कमी जणांकडे असतो : १८०० ११६ ११७. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्याचा हा टोल-फ्री नंबर आहे आणि तो चोवीस तास चालतो. तिथे वय, अंदाजे वजन, औषधाचं नाव, ताकद, संख्या, वेळ, आत्ताची लक्षणं आणि आधीचे आजार विचारतात आणि पुढे काय करायचं ते सांगतात. तालुक्याच्या ठिकाणी रात्री दवाखान्यात नवखे डॉक्टर असतील तर तेही या केंद्राशी बोलून उपचार ठरवू शकतात. तसं सुचवायला लाजू नका.

माणूस बेशुद्ध असेल किंवा शुगरचं औषध गेलं असेल तर आधी निघा आणि हा फोन वाटेत करा.

४. आपल्याकडे हमखास केले जाणारे, पण न करायचे उपाय

मिठाचं पाणी पाजून ओकारी काढणं हा पहिला. मुलाच्या रक्तातलं सोडियम त्याने घातक पातळीपर्यंत चढू शकतं, आणि गुंगीत असलेल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते. घशात बोटं घालून ओकायला लावणंही नको. तूप, दूध, ताक, चिंचेचं पाणी पाजल्याने औषध "उतरत" नाही. गुंगी आली असेल तर "झोपू दे जरा, उठल्यावर बरं वाटेल" हे सगळ्यात महागात पडतं, कारण शुगर उतरलेला माणूस झोपल्यासारखाच दिसतो.

५. इन्सुलिन आणि शुगरच्या गोळ्या : इथे मिनिटं मोजायची

शुगर ७० च्या खाली गेली की शरीर इशारे देतं. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकदम भूक. ५४ च्या खाली गेली की मेंदूला साखर पुरेनाशी होते. माणूस चिडतो, बरळतो, ओळख विसरतो, पुढे झटके आणि बेशुद्धी. बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवतच नाही. घाम मात्र येतो, म्हणून घामाकडे लक्ष ठेवा.

माणूस शुद्धीत असून गिळू शकत असेल तर तीन लहान चमचे ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात ढवळून पाजा. साधारण १५ ग्रॅम होते. १५ मिनिटांनी पुन्हा शुगर बघा. ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच द्या. वर आली की पोळी, भात, बिस्किटं असं काही पोटात जाऊ द्या. पेढा, बर्फी, चॉकलेट देऊ नका. त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो.

इथे घरातली साखर चालेल का? बहुतेकांना चालते. पण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधं चालू असतील तर चालत नाही. ती आतड्यात साध्या साखरेचं विघटनच अडवून धरतात, त्यामुळे पेलाभर सरबत पाजलं तरी शुगर वेळेवर वर येत नाही. अशा माणसाला ग्लुकोजच लागतं. आपल्याकडे व्होग्लिबोज बऱ्याच एकत्रित गोळ्यांमध्ये असतं आणि घेणाऱ्याला ते माहीतही नसतं. म्हणून शुगरचा पेशंट घरात असेल तर ग्लुकोजचा डबा घरात हवाच.

आता सासूबाईंचं सांगते, कारण असा घोळ कुठल्याही घरात होऊ शकतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या काचेच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपणाची आणि तिच्यावर ४० पर्यंत खुणा. काही इन्सुलिनं मात्र १०० युनिटची येतात, त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची आणि खुणा १०० पर्यंत. मेडिकलमध्ये एकदा नेहमीची बाटली नव्हती, म्हणून १०० ची दिली गेली. सिरिंज बदलायची हे कुणी सांगितलं नाही. घरात लाल टोपणाच्याच सिरिंजा होत्या. १०० युनिटचं इन्सुलिन लाल सिरिंजेत नेहमीच्या खुणेपर्यंत भरलं की अडीचपट जातं. १० च्या खुणेला २५ युनिट. पेनचं कार्ट्रिज संपत आलं म्हणून त्यात सिरिंज खुपसून काढलं तरी हेच होतं, कारण कार्ट्रिजही १०० युनिटचंच असतं.

जेवणानंतर त्या पोथी वाचत बसल्या होत्या. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लागल्या. मी जवळ गेले तर मानेखालचा पदर घामाने चिंब, आणि मला त्यांनी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. शुगर ४१. ग्लुकोजचं पाणी पाजलं, थोडं भान आल्यावर गाडीत घातलं. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत त्या पूर्ण शुद्धीवर आल्या, आणि "मला काही झालेलं नाही, घरी चला" हा धोशा सुरू झाला. आम्हालाही तसंच वाटायला लागलं होतं. डॉक्टर ऐकेनात. दर तासाला बोट टोचून शुगर बघत राहिले. पहाटे, सलाईन चालू असतानाही, ती पुन्हा पडली.

याचं कारण सिस्टरनी समजावून सांगितलं. शिरेतून दिलेलं ग्लुकोज थोड्या वेळात खर्च होतं, टोचलेलं इन्सुलिन मात्र कातडीखालून सावकाश उतरतच राहतं. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन साधारण तीन ते पाच तास, साधं सहा ते आठ, ग्लार्जिनसारखं दिवसभराचं इन्सुलिन चोवीस तासांच्या आसपास. डोस जास्त गेला की हा काळही लांबतो. म्हणून कोणतं इन्सुलिन गेलं हे डॉक्टरांना अचूक सांगा. दोन पेनं असतील तर दोन्ही घेऊन जा. दिवसभराच्या पेनाऐवजी जेवणाचं पेन टोचलं जाणं ही तर नेहमीची चूक आहे.

आणि ग्लिमेपिराइडच्या कुळातल्या गोळ्या. या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. लहान मुलाला यातली एक गोळीसुद्धा घातक ठरू शकते, आणि परिणाम कित्येक तास उशिरा दिसू शकतो. मूल संध्याकाळी उड्या मारत असतं आणि मध्यरात्री झोपेत शुगर उतरते. म्हणून अशा मुलाला साधारण चोवीस तास दवाखान्यात देखरेखीखाली ठेवतात. "एकच तर खाल्लीय" म्हणून घरी थांबू नका. म्हाताऱ्या माणसांची किडनी मंदावलेली असेल तर त्यांच्या शरीरातही ही गोळी रेंगाळते, शुगर वर येते आणि परत पडते. अशा वेळी ऑक्ट्रिओटाइड नावाचं इंजेक्शन देतात, ते इन्सुलिनचं सुटणं रोखतं.

मेटफॉर्मिन एकटं असेल तर शुगर सहसा कोसळत नाही. मात्र खूप जास्त गेलं, किंवा किडनी आधीच अशक्त असेल, तर रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं. पोटदुखी, उलट्या आणि भरभर, खोल श्वास ही त्याची खूण.

६. थायरॉइडची गोळी : इथे दिवस मोजायचे

थायरॉइडच्या गोळीत लेव्होथायरॉक्सिन असतं, म्हणजे टी-४ हार्मोन. शरीर त्याचं हळूहळू टी-३, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारं हार्मोन करतं आणि मग परिणाम दिसतो. निम्मं औषध शरीराबाहेर जायलाच जवळजवळ आठवडा लागतो. त्यामुळे मुलाने मूठभर गोळ्या खाल्ल्या तरी पहिल्या दिवशी ते अगदी नेहमीसारखं असू शकतं. लक्षणं बहुधा दोन ते पाच दिवसांत येतात, कधी आठवडाही उलटतो. ताप, नाडी जलद, झोप न येणं, चिडचिड, उलट्या, जुलाब.

दिलासा देणारी बाब ही, की एक-दोन गोळ्या खाल्लेली बहुतेक मुलं काही न होता बरी राहतात. तरीही संख्या, ताकद आणि वजन सांगून डॉक्टरांकडून किंवा विष केंद्राकडून खात्री करून घ्या. जास्त गोळ्या असतील आणि तुम्ही तासाभरात पोचलात, तर दवाखान्यात औषधी कोळशाची (ॲक्टिव्हेटेड चारकोल) काळी भुकटी पाण्यात कालवून पाजतात. ती औषध आतड्यात शोषू देत नाही. उशीर झाला की तिचा उपयोग कमी होतो. पुढे धडधड वाढली तर प्रोप्रॅनोलॉल देतात.

घरी पाठवलं तर ते निरीक्षणासाठी पाठवलंय हे विसरू नका. भाच्याच्या वेळी नणंदेने फ्रिजवर कागद लावला होता. सकाळ-संध्याकाळ ताप आणि मूल शांत झोपलेलं असतानाची नाडी त्यावर लिहायची. पुन्हा कधी दाखवायचं ती तारीखही त्याच कागदावर. चौथ्या दिवशी आलेला ताप "व्हायरल असेल" म्हणून सोडायचा नाही आणि कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी गोळ्यांचं आधी सांगायचं.

मोठ्या माणसाने सकाळी विसरून दोनदा गोळी घेतली तर तेवढ्याने सहसा काही बिघडत नाही. हृदयविकार असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. २५ च्या जागी १०० ची बाटली आली आणि आठवडे तीच चालू राहिली, तर गोष्ट वेगळी. वजन घटतं, हात कापतात, वयस्कांत हृदयाचे ठोके अनियमित होतात. आणि वजन कमी करायला म्हणून थायरॉइडची गोळी कुणी सुचवत असेल तर घेऊ नका. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर, वजन घटवण्यासाठी वापरू नये, असा इशारा चौकटीत छापावा लागतो.

७. बाकीची औषधं

स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोनच्या दोन-चार गोळ्या एकदाच जास्त गेल्या तर सहसा जिवावर बेतत नाही. पोटात जळजळ होते, मधुमेह असेल तर शुगर चढते. धोका आहे तो महिनोन् महिने घेण्यात, आणि त्याहून जास्त ते एका दिवसात सोडण्यात. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं काम थांबवतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतलेलं औषध अचानक बंद केलं तर उलट्या, गळून जाणं, बीपी आणि शुगर उतरणं, शेवटी बेशुद्धी. यावर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन तातडीने लागतं.

हे मी तळमळीने लिहितेय कारण आपल्याकडे कित्येकांना आपण स्टेरॉइड घेतोय हेच ठाऊक नसतं. सांधेदुखीवर, दम्यावर "जडीबुटीची" म्हणून मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत गुडघे दुखायचे थांबतात आणि माणूस त्या पुडीचे गुण गात सुटतो. चेहरा गोल गरगरीत होणं, हातपाय बारीक पण पोट सुटणं, पोटावर जांभळट पट्टे, जरा लागलं की काळं-निळं होणं ही त्याची खूण. असं दिसलं तर पुडी फेकून देऊ नका आणि एकदम बंदही करू नका. ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस हळूहळू कसा उतरवायचा ते तेच ठरवतील.

कुटुंब नियोजनाच्या गोळ्या. मुलाने माला-डी किंवा माला-एनच्या गोळ्या खाल्ल्या तर हार्मोनमुळे मळमळ, उलटी होते, मुलींना काही दिवसांनी थोडा रक्तस्राव होऊ शकतो. तो आपोआप थांबतो. लक्ष ठेवायचं ते वेगळ्या रंगाच्या गोळ्यांवर. २८ गोळ्यांच्या पाकिटात २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. एका पाकिटातलं लोह फार नसतं, पण जास्त पाकिटं असतील किंवा त्याच डब्यात सरकारी लोहाच्या लाल गोळ्याही असतील तर धोका खरा. लोहाने आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल सुधारल्यासारखं वाटतं आणि नंतर यकृतावर येतं. म्हणून लोहाच्या गोळ्या वेगळ्या मोजून सांगा.

आठवड्याचं औषध रोज. ड जीवनसत्त्व शरीरात हार्मोनसारखंच काम करतं. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा लिहिलेली असते, आणि कित्येकजण ती रोज घेतात. काही आठवड्यांनी भूक जाते, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि लघवी, कारण रक्तातलं कॅल्शियम चढलेलं असतं; किडनीला इजा होऊ शकते. तान्ह्या बाळाचे रोजचे थेंब ४०० युनिटचे असतात. मोठ्यांसाठीची ६०,००० युनिटची पातळ औषधाची छोटी बाटली त्यांच्या शेजारी ठेवूच नका. वजनासाठीची आणि शुगरची सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही इंजेक्शनंही आठवड्यातून एकदाच घ्यायची असतात. ती जास्त गेली की अनेक दिवस उलट्या चालतात, पाणी कमी पडतं, आणि सोबत इन्सुलिन चालू असेल तर शुगरही उतरते.

८. सोबत काय न्यायचं

- उरलेलं औषध, रिकामी स्ट्रिप, बाटली, इन्सुलिनचं पेन किंवा बाटली, आणि वापरलेली सिरिंज टोपण लावून
- रोज चालू असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी, किंवा सगळी औषधं एका पिशवीत
- जुनी फाइल. निदान किडनीचा, थायरॉइडचा आणि शुगरचा शेवटचा रिपोर्ट
- मुलाचं शेवटचं माहीत असलेलं वजन, लसीकरणाच्या कार्डावर असतं
- आधार कार्ड, विम्याचं कार्ड, रेशन कार्ड
- शुगरचं मशीन आणि पट्ट्या, वाटेत तपासायला
- फोनचा चार्जर आणि एक जाड चादर. रात्र काढावी लागेल

कागद सापडत नाहीत म्हणून निघायचे थांबू नका. औषध तेवढं हातात असू द्या, बाकीचं कुणीतरी मागून आणेल.

९. कॅज्युअल्टीत काय होतं, आणि पोलीस का येतात

शुगर, नाडी, बीपी, ऑक्सिजन आणि गरजेप्रमाणे ईसीजी, रक्ततपासणी. शिरेत सुई. आम्हाला वाटत होतं पोट धुतील. ते आता क्वचितच करतात.

विषबाधेची केस आली की दवाखाना तिची एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) म्हणून नोंद करतो, चुकून घेतलेलं औषध असलं तरी. पोलीस चौकीला कळवतात, हवालदार येऊन नातेवाइकांचा जबाब घेतात. हे बघून घरचे घाबरतात आणि "आपोआप चक्कर आली" असं खोटं सांगतात. त्यामुळे उपचार चुकतात. जे घडलं ते सरळ सांगा, जबाब वाचून सही करा. आणि पोलिसांचे कागद होईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलंय की जीव वाचवणं आधी, कायद्याचे सोपस्कार नंतर. सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरला ते लागू आहे. विम्यासाठी एमएलसी नंबर आणि डिस्चार्ज कार्डाच्या दोन-दोन प्रती काढून ठेवा.

औषध मुद्दाम घेतलं असेल तर डॉक्टरांना तसंच सांगा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. "असं का केलंस" हा प्रश्न वॉर्डात विचारायचा नसतो. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी मानली आहे. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. घरच्यांनीही त्यावर बोलावं. जाण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवूनच डिस्चार्ज घ्या.

१०. घरी आल्यावर

नेहमीचं औषध कधीपासून आणि किती सुरू करायचं हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. घाबरून इन्सुलिन किंवा थायरॉइडची गोळी मनाने बंद करणारे खूप असतात. टाइप-१ मधुमेहात इन्सुलिन थांबवणं तर जिवावर बेतू शकतं.

गोळ्या उशीखाली, पदराच्या गाठीत, देवघरातल्या डबीत, फ्रिजवर ठेवायच्या नाहीत. मुलं तिथे पोचतात. आजी-आजोबा नातवंडांकडे राहायला येतात तेव्हा त्यांची पिशवी जमिनीवर राहते, तिच्याकडे पहिलं लक्ष द्या. मुलाला औषध देताना "गोळी म्हणजे चॉकलेट" म्हणू नका.

वयस्क माणसांसाठी सात दिवसांचे कप्पे असलेला डबा घ्या. सकाळचा कप्पा रिकामा दिसला की गोळी घेतली की नाही हा वाद संपतो. मुलं घरात असतील तर तो डबा मात्र कुलपात, कारण त्याची झाकणं पटकन उघडतात. दोन इन्सुलिन पेनांना दोन रंगांचे रबरबँड लावा आणि एक पेन स्वयंपाकघरात, एक झोपायच्या खोलीत ठेवा.

मेडिकलमध्ये इन्सुलिन घेताना बाटलीवरचा ४० की १०० हा आकडा दुकानातच वाचा आणि त्याच ताकदीची सिरिंज त्याच वेळी मागा. घरातल्या जुन्या, न जुळणाऱ्या सिरिंजा त्याच दिवशी काढून टाका. थायरॉइडची नवी बाटली जुनीशेजारी धरून ताकद जुळवून बघा. आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा : घरातल्या प्रत्येकाचं औषध, त्याची ताकद, वेळ, आणि खाली १०८, १८०० ११६ ११७ आणि आपल्या डॉक्टरांचा नंबर. औषध बदललं की त्यावरची तारीखही बदला.